मॅक्स म्युलरच्या बाबांची गाणी

गेल्या महिन्यात दोन दिवस सुट्टी टाकून बुटीबोरीला गेलो होतो. पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी नागपूर, तिथून वर्धा रोडने घर. चहाचा पहिला घोट घेतोय तोच शेजारच्या मामाच्या घरातून आवाज यायला लागला. डेर, डी, डास. डेन, डी, डास. डेम, डेर, डेम. लहानपणी आम्ही त्याच ओट्यावर बसून एकोणतीसचा पाढा म्हणायचो, अगदी तीच चाल आणि तोच कंटाळा. आवाज माझ्या मामेभावाचा. पोरगा बावीस वर्षांचा, आयटीआय फिटर, एमआयडीसीत कंत्राटावर. आणि आता जर्मनीला जायचं डोक्यात घेतलेलं.

हे खूळ नुसतं त्याच्या एकट्याच्या डोक्यात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात करार झाला, दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचं ठरलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत न्यायचं जाहीर केलं. तेव्हापासून आमच्या गल्लीत 'जर्मनी' हा शब्द पूर्वी 'दुबई' वापरत तसा वापरतात. धाकट्याला तिकडे आउसबिल्डुंग करायचंय, म्हणजे कारखान्यात काम करत करत शिकायचं, वर पगारही मिळतो. त्यासाठी भाषेची बी-वन पातळी लागते. या परीक्षेचे चार भाग असतात: वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं. पठ्ठ्या वाचण्या-लिहिण्यात पास झाला आणि ऐकण्या-बोलण्यात गळपटला. मामाने क्लासची फी भरून झाली आहे, आता प्लॉट विकायचा विषय घरात दबक्या आवाजात निघायला लागलाय.

नागपुरातल्या ज्या क्लासला तो जायचा (नाव नको) तिथे आठ महिन्यांत एकही जर्मन माणूस बोलताना ऐकवलेला नव्हता. सगळं फळ्यावर, तेही इंग्रजीतून. "दादा, मले सगळे टेबल पाठ आहे, पन तो मानूस बोलून राहिला की एक गाडी निघून गेल्यासारखं वाटते," असं तो म्हणाला तेव्हा मला हसू आलं. पण दुखणं खरं होतं. मी स्वतः कंपनीतर्फे दीड वर्ष श्टुटगार्टजवळ काढलंय, आणि माझं सुरुवातीचं जर्मन ऐकणं सुधारलं ते गाण्यांमुळे. म्हणून त्या दोन दिवसांत आम्ही व्याकरणाचं पुस्तक माळ्यावर टाकलं आणि तूनळीवर गाणी लावून बसलो. पण गाणं नुसतं ऐकवून भागत नाही, ते कुठून आलं तेही सांगावं लागतं, नाहीतर शब्द चिकटत नाहीत. तर जे त्याला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर.

सुरुवात टिळकांपासून. धाकटा म्हणाला, आता यात टिळक कुठून आले? तर लोकमान्य हे माझ्या माहितीतले सगळ्यात जिद्दी मराठी जर्मन-विद्यार्थी. १९०८ ते १९१४ ही सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात असताना त्यांनी गीतारहस्य लिहिलं हे आपण शाळेत घोकतो. त्याच कोठडीत त्यांनी पुस्तकांवरून जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकायला घेतली हे फारसं कोणी सांगत नाही. वय पन्नाशी ओलांडलेलं, मधुमेह, ब्रह्मदेशातला उकाडा. समोर शिक्षक नाही, कानावर जर्मनचा एक शब्द नाही. त्यांना मूळ जर्मन ग्रंथ वाचायचे होते, तेवढ्यासाठी ही पद्धत चालून गेली. टिळकांना 'ऐकणे' या विषयात कोणी नापास करणार नव्हतं! धाकट्याचा क्लास थोडक्यात मंडालेच्या पद्धतीने चालला होता, फरक एवढाच की विद्यार्थी टिळक नव्हते.

टिळकांवरून मॅक्स म्युलरवर उडी मारता येते. १८९७ साली राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी ज्या मान्यवरांनी राणीकडे अर्ज केला त्यांत ऑक्सफर्डचा हा जर्मन पंडित होता. ऋग्वेद सायणभाष्यासह छापणारा, टिळकांचं 'ओरायन' वाचलेला, आणि जन्मात एकदाही भारतात पाऊल न ठेवलेला. टिळक मुदतीआधी, १८९८ मध्ये सुटले. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटला आपल्या देशात मॅक्स म्युलर भवन म्हणतात ते याच्याच नावावरून. पुण्यात त्या नावाखालून हजारो पोरं गेली असतील. त्यातल्या किती जणांना माहीत असतं की या मॅक्स म्युलरचे वडील जर्मनीतल्या सगळ्यात लोकप्रिय गाण्यांचे गीतकार होते? मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

विल्हेल्म म्युलर, जन्म १७९४, गाव डेसाऊ. शिंप्याचा मुलगा, पोटापाण्याला शिक्षक आणि ग्रंथपाल. बाकी वेळ कविता. त्या काळात जर्मन कवींना लोकगीतांचं वेड लागलं होतं. खेड्यापाड्यातली गाणी गोळा करायची आणि आपणही तशीच साधी, चार ओळींची, गुणगुणता येतील अशी रचना करायची. म्युलरने गिरणीत काम करणाऱ्या एका पोरावर कवितांची मालिका लिहिली. म्युलर या आडनावाचा अर्थच गिरणीवाला, त्यामुळे त्यात स्वतःच्या नावावरचा विनोदही आहे. १८२३ मध्ये, मॅक्सचा जन्म झाला त्याच वर्षी, व्हिएन्नातल्या फ्रान्त्स शूबर्टने या कवितांना चाली लावायला घेतल्या. पुढे १८२७ मध्ये त्याने म्युलरचीच 'विंटरराइजे', हिवाळ्यातला प्रवास, ही चोवीस गाण्यांची मालिका केली. त्याच वर्षी म्युलर तेहतिशीच्या आत वारला. मॅक्स तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. पुढच्या वर्षी शूबर्टही गेला, एकतीस वर्षांचा. कवी आणि संगीतकार एकमेकांना कधी भेटले नाहीत.

(आपल्याकडे पीठ दळण्याची गाणी बायकांची. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तिकडे पाणचक्की होती आणि काम पुरुषांचं, म्हणून गाणी पुरुषांची. दळणाबरोबर गाणं मात्र दोन्हीकडे आलं. असो.)

धाकट्याला पहिलं गाणं लावलं ते याच मालिकेतलं 'डास वांडर्न'. शूबर्टची नव्हे, दुसरी चाल, जी जर्मन शाळांमधून पोरं म्हणतात. वांडर्न म्हणजे पायी भटकणं. गिरणीवाल्याच्या पोराला भटकायची हौस, एवढाच विषय. आता हे भटकणं म्हणजे आपलं सिंहगड-राजगड नव्हे. जुन्या जर्मनीत कारागिरांचे संघ असत. पोरगं आधी उस्तादाच्या हाताखाली राबायचं, मग परीक्षा देऊन 'गेझेले' व्हायचं, आणि त्यानंतर गाव सोडून गावोगावच्या उस्तादांकडे काम करत हिंडायचं. ते केल्याशिवाय 'माइस्टर' होता यायचं नाही. एका गावचं कसब दुसऱ्या गावी पोचायचं हा फायदा. शिवाय गावातल्या जुन्या उस्तादांना नवा प्रतिस्पर्धी काही वर्षं तरी दूर ठेवता यायचा, हा आतला हिशेब. ही सक्ती एकोणिसाव्या शतकात ढिली पडत गेली. प्रशियात १८१० लाच धंद्याचं स्वातंत्र्य आलं होतं. म्हणजे म्युलर हे गाणं लिहीत होता तेव्हा ते जग उतरणीला लागलं होतं.

पण प्रथा मेलेली नाही. काळ्या कॉर्डरॉयचा सूट, मोठी टोपी, हातात वाकडी काठी घेतलेले सुतार आजही जर्मनीच्या रस्त्यावर दिसतात. मी दोनदा पाहिलेत, पहिल्यांदा वाटलं सर्कशीतले आहेत. नियम असा की तीन वर्षं आणि एक दिवस बाहेर राहायचं आणि तेवढ्या काळात घराच्या पन्नास किलोमीटरच्या आत फिरकायचं नाही. म्हणजे बुटीबोरीच्या पोराला नागपूरसुद्धा बंद! हे ऐकून धाकटा ताठ बसला. "म्हंजे हे आउसबिल्डुंग याच्यातूनच आलं का?" आलं की. उस्तादाच्या जागी कंपनी आणि संघाच्या जागी उद्योग-मंडळाची परीक्षा. आठवड्यातले काही दिवस शाळा, बाकीचे कारखाना, साडेतीन वर्षांपर्यंत. कायदा १९६९ चा आहे पण सांगाडा त्या गिरणीवाल्याच्या वेळचा. भाषेतही ते मुरलंय. एखाद्या विषयात मुरलेल्या माणसाला जर्मनमध्ये 'बेवांडर्ट' म्हणतात, म्हणजे शब्दशः हिंडलेला. अनुभवाला शब्द आहे 'एरफारुंग', त्यातला 'फार' म्हणजे प्रवास करणं. हे दोन्ही शब्द त्याच्या यादीत होते आणि त्याला कधीच लक्षात राहत नव्हते. त्या सकाळनंतर राहिले.

दुसरं गाणं 'डेर लिंडनबाउम', विंटरराइजेतलं पाचवं. वेशीजवळच्या विहिरीपाशी लिंडनचं झाड, त्या झाडाशी जडलेला जीव, आणि थंडीवाऱ्यात गाव सोडून चाललेला माणूस. शूबर्टची मूळ चाल अवघड आहे. १८४६ मध्ये फ्रीडरिश झिल्शर नावाच्या संगीतकाराने ती सोपी करून पुरुषांच्या समूहगायनासाठी बसवली आणि मग हे गाणं इतकं घराघरात गेलं की लोक त्याला लोकगीतच समजायला लागले. थॉमस मानच्या 'जादुई पर्वत' या कादंबरीचा नायक शेवटी पहिल्या महायुद्धाच्या चिखलात हेच गुणगुणत पुढे जाताना दिसतो. लिंडनचं झाड म्हणजे काय हे धाकट्याला सांगायला एकच वाक्य लागलं: आपल्याकडे पिंपळाचा पार तसं त्यांच्याकडे लिंडन. गावची पंचायत त्याखाली, सणाचा नाच त्याखाली. पार म्हटल्यावर पोरगा गप्प झाला. बुटीबोरीत एमआयडीसी वाढली, रस्ता रुंद झाला, आणि आम्ही ज्या झाडाखाली गोट्या खेळायचो ते दोघांनाही आठवलं.

आता ज्याच्यावर मी मुद्दाम वेळ घालवला ते गाणं. 'मुस इ डेन'. गाव सोडून हिंडायला निघालेला कारागीर पोरगा आपल्या पोरीला सांगतोय की मला जायला हवं, पण परत येईन. हे श्वाबेन भागातलं लोकगीत, १८२७ मध्ये छापलं ते याच झिल्शरने. तो ट्युबिंगन विद्यापीठात संगीत शिकवायचा, आणि ट्युबिंगन आज ज्या राज्यात येतं ते म्हणजे बाडेन-व्युर्टेंबर्ग. हो, करारवालंच. पुढे एल्व्हिस प्रेस्ली १९५८ ते ६० या काळात अमेरिकन सैन्यातर्फे जर्मनीत होता. परत गेल्यावर त्याने हीच चाल उचलून 'वुडन हार्ट' केलं, आणि त्यात जर्मन ओळीही तशाच ठेवल्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वडिलांनी ते ऐकलेलं असेल.

गाण्याच्या नावातच गंमत आहे. पुस्तकी जर्मनमध्ये 'मी' म्हणजे 'इश'. इथे नुसतं 'इ' आहे. पहिल्यांदा ऐकताना धाकटा म्हणाला, "गानं चुकलं का यायचं?" चुकलं नाही. ती श्वेबिश बोली आहे, आणि तो जिथे जाऊ बघतोय तिथल्या कारखान्यात, बसमध्ये, बेकरीत हीच कानावर पडणार आहे. तिथे घर 'हाउस' नसतं, 'हॉयझ्ले' असतं. या राज्याने स्वतःची जाहिरात वीसेक वर्षं अशी केली होती की आम्हाला सगळं जमतं, फक्त शुद्ध जर्मन तेवढं सोडून! (१९९९ ची ती घोषणा.) पुण्यात पहिल्या वर्षी माझ्या 'जाऊन राहिलो'ला हसणारे लोक आठवले आणि मला या राज्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. श्टुटगार्टला माझ्या टीममधला एक जण फोनवर आईशी बोलायचा तेव्हा मला एक अक्षर कळायचं नाही. दीड वर्षाने निम्मं कळायला लागलं, त्यात या गाण्याचा वाटा होता.

आणि या 'हॉयझ्ले'वरून लिंगाचा प्रश्नही सुटला. जर्मनमध्ये छोटेपण दाखवणारा शेपटीचा प्रत्यय, पुस्तकी '-शेन' असो की श्वाबेनचा '-ले', लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. म्हणून 'मेटशेन', मुलगी, हा शब्दसुद्धा नपुंसक. इंग्रजीतून शिकवलं की यावर सगळे हसतात. पण आपलं बघा: वासरू, कोकरू, लेकरू, पाखरू, सगळी 'ते'. तो पोट्टा, ती पोट्टी, ते पोट्टं. तीन लिंगं आपल्याकडे घरातच आहेत, हिंदीवाल्यांकडे दोन आणि इंग्रजीवाल्यांकडे त्यांचा पत्ताच नाही. टेबल तिथे पुरुष आणि इथे नपुंसक, हे वेगळं पाठ करावं लागतं खरं, पण वस्तूला लिंग असतं याचा धक्का तरी आपल्याला बसायला नको.

तसंच आकड्यांचं. १९८३ चं 'नॉयन-उंट-नॉयन्सिश लुफ्टबालोन्स' म्हणजे ९९ फुगे, नेना नावाच्या गायिकेचं. बर्लिनची भिंत उभी असतानाचं. सोडलेल्या फुग्यांना उडत्या तबकड्या समजून युद्ध पेटतं अशी कल्पना. धाकट्याचा क्लास सांगायचा, इंग्रजी आकडा घ्या आणि उलटा करा. अरे कशाला? नऊ-आणि-नव्वद म्हणजे आपलं नव्याण्णव! पंचवीस म्हणजे आधी पाच, मग वीस. आपण जन्मापासून जर्मन क्रमानेच मोजतोय. (एकोणतीस तेवढा घरभेदी.) ऐकण्याच्या परीक्षेत गाडीची वेळ आणि फोन नंबर हमखास येतात आणि तिथेच त्याचे मार्क जायचे, कारण बिचारा डोक्यात दोनदा उलटंसुलटं करत होता.

मधे जेवणाच्या वेळी पु.लं.चा 'तीन पैशाचा तमाशा' निघाला. १९७८ चं हे नाटक ब्रेख्टच्या नाटकावरून, आणि ब्रेख्टचं १९२८ चं नाटक त्याहून दोनशे वर्षं जुन्या इंग्रजी 'बेगर्स ऑपेरा'वरून. जर्मन नाटकाच्या सुरुवातीला मॅकी नावाच्या गुंडाचं जे गाणं येतं ते जत्रेत चित्रांचा फलक लावून, काठीने एकेक चित्र दाखवत खुनाच्या कथा गाणाऱ्या लोकांच्या धर्तीवर बेतलंय. पिंगुळीचे चित्रकथी पाहिलेल्याला यात काहीच परकं वाटणार नाही. बी-वनला मात्र त्याचा काही उपयोग नाही, म्हणून तो विषय वरणभातासोबत संपवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं गाणं लावलं. 'ग्रीशिशर वाइन', म्हणजे ग्रीक वाइन. गायक ऑस्ट्रियाचा उडो युर्गेन्स, गीत मिशाएल कुंझेचं, साल १९७४. (नावातलं व्याकरण बघा: वाइन पुल्लिंगी, 'डेर' गाळला म्हणून त्याचा 'र' विशेषणाला जाऊन चिकटला. एक अख्खा तक्ता या दोन शब्दांत आहे.) चाल ऐकून वाटतं हे बियरच्या तंबूतलं धमाल गाणं. जर्मन लोक लग्नात यावर हात हलवतात. शब्द वेगळेच आहेत. अंधार पडल्यावर घरी निघालेला एक माणूस एका खानावळीत शिरतो. आत काळ्या केसांचे, तपकिरी डोळ्यांचे लोक बसलेत. ते सांगतात की गावी बायका-मुलं आहेत, पैसे साठले की लवकरच परत जाणार.

हे लोक म्हणजे 'गास्टआर्बाइटर', पाहुणे कामगार. युद्धानंतर जर्मनीला माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी भरतीचे करार झाले. साठच्या दशकात केरळातल्या मुलीही चर्चच्या मार्फत नर्सिंगला गेल्या. १९६४ मध्ये दहा लाखावा कामगार कोलोनला उतरला, अर्मांदो रॉद्रिगेस नावाचा पोर्तुगीज सुतार, तर त्याला फुलं आणि एक मोपेड बक्षीस दिली. वर्तमानपत्रांत फोटो आले. पण 'पाहुणे' हा शब्द त्यांनी गंभीरपणे घेतला होता. पाहुण्याला भाषा शिकवायची गरज कुणाला वाटली नाही, कारण तो जाणारच होता. बऱ्याच जणांची वर्षानुवर्षं वसतिगृहात आणि शॉप फ्लोअरवर शे-दोनशे शब्दांत गेली. तेलाचा भाव भडकला आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती एका फटक्यात बंद झाली. गाणं आलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. भरती बंद झाल्याने उलटंच झालं. आता परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही म्हणून पुष्कळांनी बायका-मुलांनाच तिकडे बोलावून घेतलं.

आजचे करार तसे नाहीत, हे मी धाकट्याला सांगितलं. भाषा आधीच मागतात, आणि मला वाटतं ते चांगलंच आहे, कितीही त्रासाचं असलं तरी. बी-वनवर चडफडणाऱ्या प्रत्येकाने हे गाणं एकदा ऐकावं. भाषा न मागणारी भरती कशी होती ते त्यात आहे.

गाणं तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तो न बघता लिहून घेत होता, देवनागरीत. मी मुद्दाम तसं सांगितलं होतं. रोमन लिपीत लिहिलं की इंग्रजी उच्चार मधे घुसतात, डब्ल्यूचा 'व' आणि व्हीचा 'फ' हे विसरायला होतं. शंभरातले साठेक शब्द बरोबर आले. महिन्यापूर्वी दहा आले नसते असं तोच म्हणाला.

मामी तांदूळ निवडत बसली होती. "काय म्हनते रे ते गानं?" तिने विचारलं. धाकट्याने सांगितलं, वऱ्हाडीत, खानावळीपासून भरती बंद होईपर्यंत सगळं. मी मधे बोललो नाही.

"मंग वापस आले का ते?"

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, मामी, १९५५ ते ७३ मध्ये एक कोटी चाळीस लाख लोक गेले होते. त्यातले एक कोटी दहा लाख परत आले.

मामीने ताट गुडघ्यावर टेकवलं. "म्हंजे तीस लाख नाही आले," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. धाकट्याने गाणं पहिल्यापासून लावलं.